दोन छावण्यांमधील निरोप

भीमाशंकराच्या देवळापुढे एक मोठी घंटा टांगलेली आहे. घोडेगावाहून डिंभ्यावरून घाटमाथ्याची वाट चढून आलेला यात्रेकरू देवदर्शनापूर्वी तिच्याकडे क्षणभर पाहतोच. तिची घडण इकडच्या कासार-तांबटांच्या हातची नव्हे, हे कोणाच्याही ध्यानात यावे. ही घंटा मूळची वसईच्या फिरंग्यांची. इ. स. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिकडून आणलेल्या घंटा देशावरील निरनिराळ्या देवळांना अर्पण करण्यात आल्या; त्यांपैकी ही एक, असे सांगतात. याच देवळाचे शिखर पुढे नाना फडणविसांनी बांधविले. आंबेगाव आणि खेड या दोन तालुक्यांच्या सीमेवरील या रानात, अशा रीतीने, मराठ्यांच्या इतिहासातील दोन मोठ्या युद्धांची आठवण एकाच अंगणात उभी आहे.

घंटा पाहून मनात येते ते लढाईचे चित्र. तोफा, सुरुंग, तटावर चढणारे हशम, कोसळणारे बुरूज. परंतु वसईचा शेवट झाला तो कागदावर. तोफा थांबल्या, पांढरे निशाण वर गेले, एका बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूच्या छावणीत आला, आणि ज्यांनी एकमेकांची माणसे मारली होती त्या दोन सेनापतींनी एका कागदावर सह्या केल्या. लढाया कशा पेटतात हे मुलांना शाळेत शिकविले जाते. त्या विझतात कशा, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. आजचा विषय तो आहे.

दोन सैन्ये समोरासमोर उभी असताना त्यांच्यामधून निरोप नेणे हे काम वाटते तितके सोपे नव्हे. निरोप नेणाऱ्याच्या जिवाला अभय हवे; तोवर हत्यार चालविणाऱ्यांनी हात आवरायला हवा; कोठे भेटावयाचे, किती माणसे आणावयाची, किती वेळ थांबावयाचे हे ठरायला हवे. जुन्या दरबारांत वकिलाला हात लावणे हा मोठा कलंक समजला जाई, तो याचसाठी. पण या सर्वांहून अवघड गोष्ट निराळीच असते. हा निरोप कोणाच्या अधिकाराने आला आहे? जो शब्द देतो आहे, त्याला तो पाळता येईल काय? समोर बसलेल्या दोघांच्या पाठीमागे बहुधा एक तिसरा असतो. तो दूर असतो, त्याने रणांगण पाहिलेले नसते, आणि अखेरचा होकार अथवा नकार त्याचाच असतो. तहाच्या बोलण्यांची कथा ही पुष्कळदा या दूरच्या धन्याची कथा असते.

तिचा पहिला धडा जुन्नराच्या आसमंतातच सापडतो. शिवनेरी हे शिवछत्रपतींचे जन्मस्थान. परंतु हा किल्ला त्यांच्या हयातीत स्वराज्यात येऊ शकला नाही. १६५७ च्या एप्रिलअखेर त्यांनी रात्रीच्या वेळी जुन्नर शहराच्या तटावर शिड्या लावून ३ लक्ष होन आणि २०० घोडे नेले. किल्ला मात्र मोगलांकडेच राहिला. पुढे १६७३ च्या सुमारास तेथील किल्लेदार अब्दुल अझीज खान याच्याशी गुप्त बोलणे लावण्यात आले. खानाने मोठ्या रकमेच्या बदल्यात किल्ला देण्याचे कबूल केले आणि इकडे मोगलांचा सुभेदार बहादूरखान यास आतून खबर पोहोचविली. ठरल्या दिवशी आलेली मराठी फौज दबा धरून बसलेल्या मोगलांच्या तोंडी सापडली. जुन्नराच्या खोऱ्यात शत्रूच्या गोड निरोपाची किंमत मराठ्यांना अशी रोख मोजावी लागली.

त्यानंतर दोनच वर्षांनी डाव उलटला. बहादूरखानाची छावणी भीमेच्या काठी पेडगावास होती. जुन्नरची कुकडी आणि आंबेगावची घोड या नद्या एकत्र होऊन पुढे त्याच भीमेस मिळतात. तेव्हा सारे खोरे एकच. १६७४ च्या जुलैत मराठ्यांनी खानाला हूल देऊन ही छावणी लुटली होती. तरीही १६७५ च्या वसंतात महाराजांकडून तहाचा निरोप आला, तेव्हा खानाने तो आनंदाने ऐकला. अटीही खानाला भुरळ पाडणाऱ्या होत्या. महाराजांनी १७ किल्ले बादशहास द्यावे. संभाजीराजांस ६ हजारांची मनसब मिळावी व त्यांनी पथकानिशी दख्खनच्या सुभेदाराकडे चाकरी करावी. भीमेच्या उजव्या तीराचा मुलूख महाराजांकडे राहावा. लढाईला कंटाळलेल्या सुभेदाराला याहून चांगला शेवट कोणता हवा होता?

परंतु हा तह पुरा करण्याचा अधिकार खानाला नव्हता. बादशहा औरंगजेब त्या वेळी पठाणांच्या बंडाव्यासाठी सिंधूच्या अलीकडे हसन अब्दाल येथे तळ देऊन होता. हे ठिकाण आज पाकिस्तानात आहे. पेडगावचा कागद तेथे जावा, बादशहाने तो वाचावा, फर्मान लिहिले जावे आणि ते भीमातीरी परत यावे, यात काही महिने जाणार हे उघड होते. तेवढेच महिने महाराजांना हवे होते. मोगल फौज तहाच्या आशेवर स्वस्थ बसली असता एप्रिलमध्ये फोंड्याच्या किल्ल्यास वेढा पडला आणि मेच्या पहिल्या आठवड्यात तो विजापूरकरांकडून हस्तगतही झाला. पुढे फर्मान आले, किल्ले ताब्यात घेण्यास मोगलांची माणसे आली. तेव्हा त्यांस उत्तर मिळाले ते असे की, तह करावा एवढा कोणता दाब तुम्ही आणला आहे? माणसे रिकाम्या हातांनी परत गेली. खानाच्या पाठीमागे असलेला दूरचा धनी हाच या डावातील महाराजांचा मोहरा ठरला.

याच उन्हाळ्यात जॉन फ्रायर नावाचा एक इंग्रज वैद्य जुन्नरास आला होता. मोगल अधिकाऱ्याच्या घरच्या रुग्णास औषध देण्यास त्याला मुंबईहून बोलाविले होते, आणि परतताना तो नाणेघाटाने कोकणात उतरला. दख्खनची ही लढाई संपण्यात मोगल सरदारांचेच नुकसान आहे, कारण तिच्यावरच त्यांचे पोट चालते, असे त्याच्या लक्षात आले होते. युद्ध थांबविण्याचा निरोप ज्यांच्या हातून जावयाचा, त्यांनाच ते चालू राहण्यात लाभ असला, तर तो निरोप किती खरा समजावा, हाही एक प्रश्नच होय.

आता त्या भीमाशंकरच्या घंटेकडे वळावे. १७३९ मध्ये वसईचा वेढा सुमारे ३ महिने चालला. किल्ल्याचा सेनापती मार्टिन्हो दा सिल्व्हेरा कामास आला आणि काएतानो दे सौझा परेरा याने सूत्रे हाती घेतली. मे महिन्याच्या १३ तारखेस मराठ्यांनी सुरुंग उडवून निकराचा हल्ला चढविला. सुरुंग वेळी-अवेळी उडून हल्ला करणाऱ्यांचीच माणसे गाडली गेली, तरी मागचे पुढे येत राहिले. किल्ल्यातील दारूगोळा आणि दम दोन्ही सरत आले. गोव्याकडून मदत येण्याची आशा नव्हती, कारण त्याच वर्षी मराठी फौजा गोव्याच्या हद्दीतही शिरल्या होत्या. तेव्हा परेराने पांढरे निशाण दाखविले.

१६ मे रोजी ठरलेली कलमे वाचण्यासारखी आहेत. शिबंदीने हत्यारांनिशी, निशाणे फडकावीत आणि ताशे वाजवीत सन्मानाने बाहेर पडावे. ८ दिवसांची मुदत मिळावी. लोकांनी आपली चीजवस्तू न्यावी. जे मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्यास मोकळीक असावी. हजारो माणसे गमावलेल्या विजेत्याने दिलेल्या या अटी आहेत. वेढ्यात चिमाजी आप्पांच्या लोकांचा राग किती भडकला असेल, याची कल्पना करता येते. तो राग त्यांनी कागदाच्या बाहेर ठेवला. २३ मे रोजी फिरंगी बाहेर पडले आणि शब्द दोन्ही बाजूंनी पाळला गेला.

हा शब्द पाळला का गेला? यात औदार्याचा वाटा आहेच, परंतु केवळ औदार्याने हे घडले नाही. परेराने देऊ केले ते किल्ल्याचे दरवाजे. त्यांच्या किल्ल्या त्याच्याच हाती होत्या. आप्पांनी देऊ केले ते अभय. ते देणारी तलवार त्यांच्याच हुकमात होती. लिस्बनला विचारण्याची अथवा साताऱ्याहून आज्ञा आणण्याची कोणालाच गरज पडली नाही. जेवढे हातात होते तेवढेच कबूल केले, आणि म्हणून ते ८ दिवसांत पुरे झाले. राज्याराज्यांमधला मोठा तह त्यानंतर, १७४० मध्ये, इंग्रजांच्या मध्यस्थीने झाला, तो निराळा.

याच्या बरोबर उलट प्रकार ४० वर्षांनी भीमाशंकराच्या दक्षिणेस, मावळात वडगाव येथे घडला. रघुनाथरावांना पेशवाईच्या कारभारावर बसविण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज १७७८ च्या नोव्हेंबरात निघाली. शिपाई, गोरे आणि तोफखाना मिळून ती सुमारे ३,९०० होती. तिच्यासोबत १९ हजार बैल होते. हुकूम चालविणारा एक सेनापती नव्हता; कर्नाक, एगर्टन आणि मॉस्टिन यांची समिती होती. मॉस्टिन आजारी पडून परतला व वारला. एगर्टनने प्रकृतीमुळे सेनापतिपद कॉकबर्नकडे दिले. घाट चढल्यावर ही फौज दिवसाला जेमतेम मैलभरही सरकत नव्हती. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्यास कॅप्टन स्टुअर्ट पडला. मराठे शत्रू असूनही त्याच्या शौर्यावर लुब्ध होऊन त्याला 'इष्टुर फाकडा' म्हणत. ९ जानेवारीस तळेगाव आले, ते ओसाड आणि जळलेले. पुणे अवघे १८ मैल होते. परंतु चारा-धान्य मिळेना आणि वाटेतील गावे पुढेही अशीच जाळलेली मिळणार हे दिसू लागले. ११ च्या रात्री जड तोफा तळ्यात लोटून फौज मागे फिरली. महादजी शिंद्यांच्या स्वारांनी तिला अंधारातच गाठले. कॅप्टन हार्टली पिछाडी सांभाळीत लढला, आणि १२ तारखेस थकलेली फौज वडगावात शिरून वेढली गेली.

१३ जानेवारीस समितीने आपला चिटणीस फार्मर यास मराठ्यांच्या छावणीत पाठविले. लढाई थांबावी आणि फौजेस मुंबईस जाऊ द्यावे, हा निरोप. पहिली मागणी आली ती रघुनाथरावांची. परंतु त्यांनी आपण होऊनच महादजींशी बोलणे करून त्यांचा आश्रय धरला होता. मग पुढची मागणी आली: १७७३ पासून घेतलेला सारा मुलूख, साष्टीसह, परत द्यावा, बंगालहून येत असलेली फौज माघारी पाठवावी, तसा तह येथेच लिहून द्यावा. यावर समितीने कळविले की, असा तह करण्याचा अधिकार कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलचा आहे, तो या समितीस नाही.

तेव्हा महादजींनी विचारले की, कर्नल अप्टनने पुरंदरावर केलेला तह मोडण्याचा अधिकार तुम्हांस कोणी दिला होता, तो आधी दाखवा. १७७६ चा पुरंदरचा तह कलकत्त्याच्या वतीने झाला होता आणि मुंबईकरांनी तो जुमानला नव्हता. मोडताना अधिकार आठवला नाही आणि करताना मात्र आठवला, हे या प्रश्नाचे मर्म. घोड्यावर जन्म घालविलेल्या या सरदाराने साऱ्या व्यवहारातील वर्म अचूक शोधून काढले होते.

समितीजवळ उत्तर नव्हते. अखेरीस होम्स नावाच्या अधिकाऱ्यास मुखत्यारी देऊन महादजींकडे पाठविण्यात आले आणि जानेवारीच्या मध्यास वडगावचा करार झाला. मुलूख परत द्यावयाचा, भडोच महादजींस, त्यांच्या लोकांस ४१ हजार रुपये, आणि करार पाळला जाईल याची हमी म्हणून फार्मर व लेफ्टनंट चार्ल्स स्टुअर्ट हे दोघे ओलीस. बंगालची फौज घेऊन येणाऱ्या गॉडर्डला समितीने १६ जानेवारीस लिहिले की, माघारी जावे. फौज सुखरूप घाट उतरली. आणि १९ जानेवारीस त्याच समितीचे त्याच गॉडर्डला पत्र गेले की, आधीच्या पत्राकडे लक्ष देऊ नये. दोन कागदांत केवळ ३ दिवसांचे आणि एका घाटाचे अंतर होते.

पुढे मुंबई सरकारने आणि कलकत्त्याच्या हेस्टिंग्जने हा करार नाकारला. ज्यांना अधिकार नव्हता त्यांनी केला, म्हणून बंधनकारक नाही, असा त्यांचा युक्तिवाद. कर्नाक, एगर्टन व कॉकबर्न यांना कंपनीच्या नोकरीतून काढण्यात आले, आणि गॉडर्ड बऱ्हाणपुराहून मजल दरमजल सुरतेस जाऊन पोहोचला. युद्ध आणखी ३ वर्षे चालले. वडगावास वेढ्यात सापडलेल्या शिपायांचे प्राण वाचले हे खरे. परंतु पुढच्या ३ वर्षांत जे मेले, ते त्या पोकळ शब्दाच्या खात्यावर मांडावे लागतील.

आता त्या दोन ओलिसांचा विचार करावा. करार मोडला गेला त्या दिवशी फार्मर आणि स्टुअर्ट यांच्या जिवाची किंमत शून्य झाली होती. ज्यांच्या भरवशावर ते मागे राहिले, त्यांनीच त्यांना वाऱ्यावर सोडले होते. महादजींनी सूड घेतला असता, तर त्या काळाच्या रीतीस धरून त्यांस फारसा दोष कोणी दिला नसता. परंतु १७८० च्या मार्चमध्ये त्यांनी दोघांनाही गॉडर्डच्या छावणीत सुखरूप पाठवून दिले, आणि त्यांच्यामागून आपला वकीलही पाठविला. त्या वेळी बोलणे जमले नाही. तथापि दार उघडे राहिले. मोडलेल्या शब्दाबद्दल निरपराध माणसाचा जीव घेतला असता, तर पुढचा निरोप घेऊन येण्यास माणूसच मिळाला नसता, हे त्यांस कळत असले पाहिजे.

त्या दारातूनच पुढचा तह आला. १३ ऑक्टोबर १७८१ रोजी कर्नल म्यूरशी महादजींचा लढाई थांबविण्याचा करार झाला. मग हेस्टिंग्जने डेव्हिड अँडरसन यास पूर्ण मुखत्यारी देऊन महादजींकडे पाठविले, आणि १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरच्या दक्षिणेस सालबाई येथे तह ठरला. या वेळी दूरच्या धन्याचा प्रश्न अंगणाबाहेर ठेवला गेला नाही. कलकत्त्याची मान्यता जूनमध्ये आली. पुण्यास नाना फडणविसांनी मात्र घाई केली नाही. हैदरअली इंग्रजांशी लढत होता तोवर त्यांनी मान्यता रोखून धरली, आणि डिसेंबरात त्याच्या मृत्यूनंतर ती दिली. दोन्ही बाजूंनी तह पाळावा याचे जामीन म्हणून महादजी स्वतः उभे राहिले. साष्टी इंग्रजांकडेच राहिली. म्हणजे वडगावास कागदावर मिळालेले सर्व काही सालबाईस हाती आले नाही. तरीही सालबाईचा तह २० वर्षे टिकला आणि वडगावचा ३ दिवस.

रेडिओवरील या भाषणात अलीकडचे एक उदाहरण सांगणे योग्य होईल, कारण त्यात निरोप नेणारा जासूद म्हणजे खुद्द रेडिओच होता. डिसेंबर १९७१ मध्ये ढाक्यातील पाकिस्तानी सेनापती नियाझी यांचा लढाई थांबविण्याचा प्रस्ताव तेथील अमेरिकन वकिलातीमार्फत दिल्लीस आला. जनरल माणेकशा यांनी १५ तारखेस उत्तर दिले. फौजेने शरण यावे ही अट त्यात होती; परंतु सद्भावाची खूण म्हणून त्या संध्याकाळी ५ वाजल्यापासून ढाक्यावरील हवाई हल्ले थांबविले आहेत, दुसऱ्या दिवशी सकाळी ९ पर्यंत उत्तर यावे, आणि अमुक ध्वनिलहरींवर ते ऐकण्याची व्यवस्था ठेवली आहे, असेही त्यात स्पष्ट लिहिले होते. पुढे मुदत थोडी वाढविण्यात आली आणि १६ डिसेंबरच्या दुपारी ढाक्याच्या मैदानावर सह्या झाल्या. परेराचे ८ दिवस आणि माणेकशांचे १६ तास यांची जात एकच. जे बोलणाऱ्याच्या हातात आहे तेवढेच बोलावे, आणि तास, जागा व रीत नेमकी सांगावी.

संसारातही याहून निराळे काय असते? भावाभावांच्या वाटणीत, सोयरिकीत, शेजाऱ्यांच्या बांधाच्या तंट्यात मध्यस्थ येतो, सारे गोड बोलतात, आणि दुसऱ्या दिवशी कोणी तरी म्हणते की, घरच्या वडील माणसांना विचारल्यावाचून बोललो होतो. मग तंटा पहिल्याहून वाढतो. शब्द देण्यापूर्वी तो आपल्या हातचा आहे काय हे पाहावे, आणि घेण्यापूर्वी समोरच्याच्या हातचा आहे काय हे विचारावे. महादजींनी वडगावास विचारलेला प्रश्न, तो पुन्हा विचारण्याची वेळ येऊ नये म्हणून, आधीच विचारून ठेवण्यासारखा आहे.

भीमाशंकराच्या अंगणात आजही यात्रेकरू जातात आणि ती फिरंगी घंटा पाहतात. तिच्यापाठीमागे वसईच्या तटाखाली गाडले गेलेले हशम आहेत, ही आठवण खरीच. परंतु २३ मे १७३९ रोजी पराभूत शिबंदी निशाणे घेऊन ताशांच्या तालावर दरवाजाबाहेर पडली आणि विजयी फौजेने तिला वाट करून दिली, ही आठवणही तितकीच खरी. घाटमाथ्यावरच्या त्या घंटेजवळ उभे राहिलेल्या मुलाला वडील माणसांनी या दोन्ही गोष्टी सांगाव्या.